मर्चंट नेव्हीचे कॉन्ट्रॅक्ट आणि नौदलाची परदेशातली नेमणूक: दोन वेगळे संसार

नेरूळ, सीवूड्स, बेलापूर, खारघर या पट्ट्यात बोटीवर नोकरी करणारा एकही माणूस ओळखीचा नाही, असे घर सापडणे अवघड आहे. करावे येथे व्यापारी जहाजांचे अधिकारी घडवणाऱ्या टी. एस. चाणक्य या संस्थेचा परिसर आहे, खाडीपलीकडे न्हावा-शेव्याचे बंदर आहे आणि बेलापुरात जहाजांवर माणसे पाठवणारी कार्यालये आहेत. त्यामुळे मर्चंट नेव्हीचे आयुष्य इथल्या लोकांना आतूनबाहेरून ठाऊक असते. अडचण अशी की भारतीय नौदलातल्या माणसाची परदेशात नेमणूक झाली आणि त्याचे कुटुंब सामान बांधू लागले की त्यांनाही तेच प्रश्न विचारले जातात आणि तेच सल्ले दिले जातात. ‘यावेळी किती महिन्यांचे कॉन्ट्रॅक्ट?’, ‘पहिला महिना जड जातो ग, मग सवय होते’, ‘मुलांना इथेच ठेव, उगाच शाळा कशाला बदलतेस?’ हे सगळे मायेपोटीच बोलले जाते, याबद्दल मला शंका नाही. पण नौदलातल्या माणसाशी संसार करताना मी हे सल्ले इतक्यांदा ऐकले आहेत, आणि ते मनावर घेऊन परदेशातले पहिले वर्ष वाया घालवणारी इतकी कुटुंबे पाहिली आहेत, की हा फरक एकदा नीट लिहून ठेवावा असे वाटते.

मर्चंट नेव्हीबद्दल फार सांगण्याची गरज नाही. माणूस साइन ऑन करतो, हुद्द्याप्रमाणे चार ते नऊ महिने बोटीवर राहतो, साइन ऑफ करून घरी येतो आणि बहुतेक कंपन्यांत त्याचा पगारही बोटीवर असतानाच चालू असतो. घर जागच्या जागी राहते. मुलांची शाळा, सोसायटीची सभा, सासऱ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन हे सारे बायको एकटी निभावते आणि बोट कुठे पोहोचली हे मोबाइलच्या ॲपवर ठिपका पाहून रोज तपासते.

नौदलाची युद्धनौका मोहिमेवर परदेशी समुद्रात जाते, ती गोष्ट याच्या बरीच जवळची आहे. २००८च्या ऑक्टोबरपासून एडनच्या आखातात चाचेविरोधी गस्त चालू आहे आणि २०१९पासून ओमानच्या आखाताच्या परिसरात ‘ऑपरेशन संकल्प’ सुरू झाले. अशा वेळी जहाज मुंबईहून निघते, कुटुंब क्वार्टरमध्येच राहते आणि जहाज परतले की माणूस घरी येतो. फरक एवढाच की ॲपवर ठिपका दिसत नाही आणि जहाज कुठे आहे हे विचारायचेही नसते. शेजारच्या मर्चंट नेव्हीवाल्या काकूंचा अनुभव इथे खरोखर उपयोगी पडतो.

मी बोलते आहे ती परदेशातल्या नेमणुकीबद्दल. कोणी दूतावासात नौदल सल्लागार किंवा त्याच्या कार्यालयात कर्मचारी म्हणून जातो. कोणी सिंगापूरच्या इन्फर्मेशन फ्यूजन सेंटरमध्ये, म्हणजे सागरी सुरक्षेची माहिती एकत्र करणाऱ्या केंद्रात, संपर्क अधिकारी असतो. कोणी मॉरिशसच्या नॅशनल कोस्ट गार्डमध्ये प्रतिनियुक्तीवर असतो. त्या दलाचा प्रमुखही भारतीय नौदलाचाच अधिकारी असतो. कोणी परदेशी गोदीत बांधल्या किंवा नव्याने सज्ज केल्या जाणाऱ्या जहाजावर देखरेख करणाऱ्या पथकात असतो. ‘विक्रमादित्य’ नौदलात दाखल झाली ती १६ नोव्हेंबर २०१३ रोजी रशियातल्या सेवेरोद्विन्स्कला, ‘तुशील’ ९ डिसेंबर २०२४ रोजी आणि ‘तमाल’ १ जुलै २०२५ रोजी रशियातल्याच कॅलिनिनग्राडला. त्या समारंभांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली, पण त्याआधी कितीतरी काळ नौदलाची माणसे त्या गावांत राहून काम करत होती. अशी नेमणूक दोन-तीन वर्षांची असते आणि जिथे कुटुंब नेण्याची मुभा असते तिथे सगळे घरच उचलून न्यावे लागते.

खरा घोटाळा इथेच होतो. मर्चंट नेव्हीच्या घरात एक माणूस नसतो आणि बाकीचे सगळे असते. परदेशातल्या नेमणुकीत तो माणूस सकाळी कार्यालयात जाऊन संध्याकाळी घरी येतो, रात्रीच्या जेवणाला हजर असतो, आणि नसते ते बाकीचे सगळे. आई फोनच्या पडद्यावर असते, कामाला येणाऱ्या मावशी नसतात, मुलांना खाली खेळायला सोडून ‘जरा लक्ष ठेवा हं’ म्हणण्याजोगी शेजारीण नसते, नोकरी नसते आणि बाजारात भांडता येईल अशी भाषाही नसते. ‘निदान नवरा तरी जवळ आहे ना, मग कसला त्रास?’ हा प्रश्न ज्या कुटुंबांनी वियोग सोसला आहे त्यांच्या बाजूने रास्त वाटतो, परंतु तो चुकीच्या तराजूत तोललेला असतो. इथे दुःख वियोगाचे नाही. सर्वांत मोठा आधार जवळ असतानाही रोजचे लहान आधार एकदम काढून घेतले गेल्याचे ते आहे, आणि ते सांगताना स्वतःलाच संकोच वाटतो, म्हणून बहुतेक जणी सांगतही नाहीत.

त्यात नौदलातल्या पत्नीची एक विशेष कोंडी होते. जहाजे निघून गेल्यावर वर्षानुवर्षे तिने घर एकटीने चालवलेले असते. गॅस एजन्सीपासून वीजबिलाच्या तक्रारीपर्यंत सगळे तिच्या हातात असते, गाडी तिची, बँकेतला माणूस तिच्या ओळखीचा. परदेशात उतरल्याच्या दिवसापासून कागदोपत्री ती अवलंबित होते. तिचे ओळखपत्र पतीच्या पदामुळे मिळते, घर कार्यालयाने ठरवलेले असते आणि बँकेत किंवा वाहन परवान्याच्या खिडकीवर आधी पतीचे पत्र मागितले जाते. तिची ऐरोलीच्या आयटी पार्कमधली नोकरी असेल, तर ती तिकडून ऑनलाइन चालू ठेवावी हा विचार सहज मनात येतो, पण राजनैतिक किंवा सरकारी व्हिसावर राहणाऱ्या जोडीदाराने मिळकतीचे काम करणे हा तो देश आणि भारत यांच्यातल्या कराराचा आणि परवानगीचा विषय असतो. ‘लॅपटॉप तर घेऊन जायचा आहे’ असे म्हणून तो निकालात निघत नाही. म्हणून माझे ठाम मत आहे की निघण्यापूर्वी हा प्रश्न लेखी विचारून घ्यावा, आणि उत्तर नकारार्थी आले तर त्या दोन-तीन वर्षांत शिकण्याजोगे काहीतरी, विशेषतः तिथली भाषा, आधीच ठरवून ठेवावे. ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्या बायका सर्वांत जास्त कुढतात.

याच फरकातून दुसरा फरक निघतो आणि तो लोकांच्या अजिबात लक्षात येत नाही. दोन्हींत कठीण काळ उलट्या टोकाला येतो. मर्चंट नेव्हीच्या घरात पहिले आठवडे जड जातात, मग घडी बसते आणि साइन ऑफची तारीख जवळ आली की घर पुन्हा हसू लागते. नेमणुकीत आधी सगळे छान असते. नवे शहर, स्वच्छ रस्ते, शनिवार-रविवारची भटकंती आणि इकडे पाठवायला भरपूर फोटो. तीन-चार महिन्यांनी पाहण्यासारखे पाहून होते, मुलाला शाळेत मित्र मिळालेले नसतात, पतीचे काम वाढते आणि मग एका साध्या सकाळी दुकानात कोथिंबीर मिळाली नाही म्हणून रडू येते. कॅलर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६०मध्ये परक्या संस्कृतीत गेलेल्या माणसाच्या अवस्था मांडल्या, त्यातही आधी मोहाचा काळ आणि मागून संकटाचा काळ असाच क्रम आहे. अशा वेळी जिला ‘पहिला महिना जड जातो’ असे सांगून पाठवलेले असते, तिला वाटते की पहिला महिना तर मजेत गेला, आता रडू येते म्हणजे दोष माझ्यातच आहे. हा एक सल्ला बंद झाला तरी पुष्कळ होईल.

दिवस मोजण्याचेही तसेच आहे. कॉन्ट्रॅक्टवर दिवस मोजणे योग्यच आहे, कॅलेंडरवर फुल्या मारणाऱ्या मुलांना त्याचा आधार वाटतो. नेमणुकीत दिवस मोजणारे कुटुंब खोकी उघडत नाही, पडदे लावत नाही, शेजाऱ्याचे नाव विचारत नाही आणि परतीच्या तारखेपर्यंत विश्रामगृहात राहिल्यासारखे राहते. पहिल्या पंधरवड्यात शेवटचे खोकेसुद्धा उघडावे, देवघर मांडावे, कुकर लावावा. कुकरच्या गास्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जास्तीच्या न्याव्यात, कारण आपल्या कुकरचा सुटा भाग परदेशातल्या दुकानात शोधण्यात अख्खा महिना जातो. मसाले नेताना मात्र नियम आधी पाहावेत: आपल्या घरच्या मसाल्यात आणि अनारशांवर सहज पडणारी खसखस सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिराती या दोन्ही ठिकाणी निषिद्ध आहे, आणि सरकारी पासपोर्ट असलेल्या माणसाच्या सामानात ती सापडणे विशेष लाजिरवाणे असते.

ठिकाणाप्रमाणे जुळवून घेणेही बदलते. मॉरिशसला गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, मराठी वंशाची घरे भेटतात आणि घड्याळ आपल्यापेक्षा दीडच तास मागे असते. तिथे आरती आपलीच असली तरी गप्पा बहुधा तिथल्या क्रिओल भाषेत चालतात, हे मात्र धरून चालावे. कॅलिनिनग्राडला डिसेंबरमध्ये उजेड सुमारे सात तास असतो आणि सेवेरोद्विन्स्कला जेमतेम चार तास. डिसेंबरातही अकरा तास उजेड पाहणाऱ्या नवी मुंबईच्या माणसाला थंडीची तयारी सुचते, पण अंधाराची सुचत नाही. तिथे मुलांना दुपारच्या उजेडात रोज बाहेर काढणे हे थर्मल कपड्यांइतकेच आवश्यक आहे. एक सोय मात्र सगळीकडे असते. बोटीची वेळ रेखांशांबरोबर सरकत राहते, नेमणुकीच्या गावची सरकत नाही, म्हणून आजीच्या व्हिडिओ कॉलला ठरलेली वेळ देता येते आणि ती द्यावीच.

मुलांना मागे ठेवण्याच्या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. दहावी-बारावीचे वर्ष सोडले, तर जिथे कुटुंब नेता येते तिथे मूल आजी-आजोबांकडे ठेवणे म्हणजे बाप बोटीवर नसतानाही त्याला बोटीवर धाडणे होय. शाळेचा प्रश्न खरा आहे. केंद्रीय विद्यालये परदेशात काठमांडू, मॉस्को आणि तेहरान अशी तीनच ठिकाणी आहेत, मॉरिशस आणि सिंगापूर इथले शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते, रशियाचे १ सप्टेंबरला, आणि आपले एप्रिल किंवा जूनमध्ये. त्यामुळे काही महिने मागे-पुढे होणारच. पण लहान वयात गेलेले काही महिने भरून निघतात.

उरलेले फरक थोडक्यात. मर्चंट नेव्हीवाल्याकडे निळा पासपोर्ट आणि सीडीसी, म्हणजे खलाशाच्या जहाजावरच्या नोकरीची नोंदपुस्तिका, असते; नेमणुकीवर जाणाऱ्याला पदाप्रमाणे पांढरा सरकारी किंवा तांबडा राजनैतिक पासपोर्ट मिळतो आणि तो खाजगी सहलीसाठी नसतो. मतदानाच्या बाबतीत नौदलातला माणूस सैनिकी मतदार ठरतो, त्याला टपाली मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने मिळते आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या जोडीदारालाही ती सोय असते. व्यापारी जहाजावरच्या माणसाला ती नाही. कराबाबतचा गैरसमज मात्र खर्चिक आहे. पुरेसे दिवस देशाबाहेर राहिलेल्या खलाशाला अनिवासी म्हणून सवलत मिळते, ते पाहून ‘आता तुमचाही टॅक्स गेला’ असे शेजारी सांगतात. सरकारी नोकराने परदेशात केलेल्या सेवेचा पगार कायद्याने भारतातच मिळालेला मानला जातो आणि त्यावर कर लागतो; करमुक्त असतात ते सरकारने परदेशातल्या सेवेसाठी दिलेले भत्ते. बोटीवरच्या माणसांची विवरणपत्रे भरणाऱ्या सीएला हे आधी स्पष्ट सांगावे, नाहीतर तो सवयीने भलताच रकाना भरतो.

नेरूळच्या फ्लॅटबद्दलही हाच मुद्दा. मर्चंट नेव्हीच्या घरात फ्लॅट रिकामा ठेवण्याचा प्रश्न येत नाही. नेमणुकीवर जाणाऱ्यांनी तो ‘मध्येच आलो तर असावा’ म्हणून कुलूप लावून ठेवू नये. दोन पावसाळ्यांत भिंती ओल धरतात आणि सोसायटीचे पत्र येऊन पडलेले कोणी पाहत नाही. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार करून, भाडेकरू ठेवून निघावे आणि सुट्टीत आल्यावर आईकडे किंवा सासरी उतरावे.

शेवटी परतीबद्दल. साइन ऑफ झालेला माणूस त्याच घरात, त्याच खुर्चीत परत येतो. नेमणूक संपवून येणारे कुटुंब नवी मुंबईत येईलच असे नाही. पुढचे पोस्टिंग विशाखापट्टणम, कोची किंवा कारवार असू शकते आणि आदेश अनेकदा सामान बांधायला घेतल्यावर हातात पडतो. म्हणून आजी-आजोबांना ‘जूनमध्ये कायमचे येतो’ असे सांगू नये, भाडेकरूला त्या तारखेची नोटीस देऊ नये, आणि मुलांचे शाळेचे दाखले जड सामानाच्या खोक्यांत न टाकता हातातल्या बॅगेत ठेवावेत, कारण ती खोकी समुद्रमार्गे मागून येतात आणि नव्या शाळेची प्रवेशाची मुदत त्यांच्यासाठी थांबत नाही.