डाग की आम्लाचा चट्टा? दगडी ओट्याला घरगुती उपाय लावण्याआधी

ओट्यावर खूण दिसली की हात लगेच व्हिनेगरकडे नाहीतर खाण्याच्या सोड्याकडे जातो. पण या खुणा दोन वेगळ्या जातीच्या असतात आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. डाग म्हणजे दगडाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं तेल, चहा किंवा कॉफी. चट्ट्यात बाहेरचं काहीच मुरलेलं नसतं. दगडाचा पॉलिश केलेला वरचा थरच आम्लाने खाल्लेला असतो.

ओळखायचं कसं? ओटा पुसून पूर्ण कोरडा करा आणि टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका. डाग आजूबाजूच्या दगडापेक्षा गडद दिसतो, पण चकाकी तशीच असते. चट्टा वरून जेमतेम दिसतो, आडव्या उजेडात मात्र तेवढीच जागा निस्तेज झालेली कळते. पेल्याखालच्या ज्या गोल खुणेला ‘पाण्याचा डाग’ म्हटलं जातं, ती पुष्कळदा फळाच्या रसाने पडलेला चट्टा असते.

संगमरवर आणि चुनखडी हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबाचा रस आणि व्हिनेगर यांचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) 2 ते 3 च्या दरम्यान असतो. ते पडले की कार्बोनेट विरघळतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि काही मिनिटांत चकाकी उडते. सीलर, म्हणजे दगडाला लावायचं संरक्षक द्रावण, हे थांबवू शकत नाही. तो छिद्रं भरून फक्त डाग मुरायला वेळ लावतो. ग्रॅनाइट क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार या खनिजांचा असल्याने लिंबाने सहसा चट्टा पडत नाही, पण तेल त्यातही मुरतं. दगड कोणता याची खात्री नसेल तर व्हिनेगर ओट्यापासून लांबच ठेवा.

डागावर लेप चालतो. 5 सेंमी डागासाठी 2 मोठे चमचे खाण्याचा सोडा आणि सुमारे 2 छोटे चमचे पाणी घेऊन, चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट लेप करा. डागाच्या कडेबाहेर 1 सेंमीपर्यंत, अर्धा सेंमी जाड थापा, वर प्लॅस्टिकची फिल्म ठेवून कडा चिकटपट्टीने बंद करा. 24 तासांनी फिल्म काढा आणि लेप तसाच पूर्ण वाळू द्या. इथेच बहुतेकांची घाई होते: लेप वाळताना ओलावा वर येतो आणि डाग त्याच्याबरोबर बाहेर ओढला जातो. ओलाच खरवडला तर डाग जागेवर राहतो. जुन्या तेलाला हे दोन-तीन वेळा करावं लागतं. चहा-कॉफीसाठी पाण्याऐवजी 3% हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा, पण फिकट दगडावरच. गडद दगडाचा रंग त्याने उतरू शकतो. आधी कोपऱ्यात तपासा.

चट्ट्यावर हा लेप कितीही वेळा लावला तरी उपयोग नाही, कारण ओढून काढायला आत काही नाहीच. गेलेला थर स्वयंपाकघरातल्या कुठल्याच वस्तूने परत येत नाही. संगमरवरावरचा हलका चट्टा मार्बल पॉलिशिंग पावडर ओल्या फडक्यावर घेऊन, गोल दाबून चोळल्याने निघतो. नखाला खोलगटपणा लागत असेल तर दगड घासून पुन्हा पॉलिश करणारा कारागीरच हवा. सोडा जोर लावून घासणं तर टाळाच. उरलीसुरली चकाकीही मंदावते.

रोजच्या पुसण्यासाठी 350 मिली पाणी, 120 मिली 70% आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचे 4-5 थेंब स्प्रे बाटलीत हलवून घ्या. साबण जास्त झाला तर थर साचून ओटा धुरकट दिसतो आणि तोही चट्ट्यासारखा भासतो. साध्या पाण्याने पुसून गेला, तर तो साबणच होता. फवारताना गॅस बंद ठेवा, लगेच कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि बाटलीवर आत काय आहे ते लिहा. या बाटलीत ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतात.