गेमिंगमध्ये तरबेज तोच रोबोटचा बेस्ट ड्रायव्हर? नाही हो

फोंड्यापासून पेडण्यापर्यंत शाळांच्या रोबोटिक्स टीममध्ये एक समज कायम फिरतो, की जो पोरगा मोबाईल गेममध्ये भारी त्याच्या हातात गेमपॅड द्यायचा आणि त्याने फुल स्पीडने रोबोट पळवायचा. अर्धं खरंय, बोटांना सवय असते. पण गेममध्ये कॅमेरा तुमच्या मागे मागे फिरतो, इथे तुम्ही फील्डच्या बाहेर एकाच जागी उभे, आणि रोबोटचं तोंड तुमच्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, तिथेच नवीन ड्रायव्हर गडबडतात.

फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेचं बघा, आधी ३० सेकंद रोबोट प्रोग्रामवर आपोआप चालतो, तेव्हा गेमपॅडला हात लावायचा नाही, मग ड्रायव्हरला मिळतात फक्त २ मिनिटं. त्यात गेमपॅडची स्टिक सारखी पूर्ण दाबून ठेवली की नेम चुकतो, परत मागे येऊन रोबोट नीट सरळ रेषेत आणायचा म्हणजे वेळ गेलाच ना. शुक्रवारच्या म्हापसा बाजारात स्कूटर जोरात काढणारा काय आधी पोचतो?

आणि भिंतीला किंवा दुसऱ्या रोबोटला ढकलत बसलात तर मोटर अडकून करंट वाढतो, १२ व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज बदकन पडतं, मग रोबोट ढिम्म.

प्रोग्रामरला सांगून एका बटणावर स्लो मोड घ्या. प्रॅक्टिस करताना रोबोट स्वतःकडे तोंड करून चालवा, कंटाळा येईल, येऊ दे. कोच वेळ ओरडून सांगेल, घड्याळाकडे तुम्ही बघू नका.