डार्विनची पांढरी दाढी तांब्यावर कशी उतरली?

वॉल्टर ऊलेस या ब्रिटिश चित्रकाराने १८७५ साली चार्ल्स डार्विनचं तैलचित्र काढलं. ते पाहून डार्विनने मित्राला, वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरला, कळवलं की चित्रात आपण भारदस्त, चाणाक्ष आणि उदास अशा म्हाताऱ्या कुत्र्यासारखे दिसतो. मुलगा फ्रान्सिसला मात्र वडिलांचं हेच चित्र सर्वांत सरस वाटे. पण तैलचित्र एकच असतं. त्याच्या छापील प्रती निघाल्या त्या फ्रेंच कलावंत पॉल राजों याने केलेल्या एचिंगमुळे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून, रेघांत शाई भरून कागदावर छापलेल्या चित्रामुळे.

एचिंगमध्ये रेघ कोरतं ते आम्ल. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण, राळ आणि डांबराचा पातळ लेप देतात. सुईने चित्र काढताना फक्त हा लेप खरवडला जातो. मग पत्रा आम्लात बुडवतात. चिंचेने तांब्याचं भांडं घासलं की वरचा काळपटपणा तेवढा जातो. नायट्रिक आम्ल मात्र तांबंच खातं. उघड्या पडलेल्या रेघांमधला धातू विरघळू लागतो, द्रावण निळसर होतं, रेघांवर बुडबुडे धरतात. ते पिसाने अलगद झटकावे लागतात, नाहीतर रेघ सारखी खाल्ली जात नाही.

मला थक्क करते ती पुढची गोष्ट. इथे छटा ठरते वेळेवर. फिकट रेघा थोड्या वेळात तयार होतात. पत्रा बाहेर काढून त्यांच्यावर वार्निश लावायचं आणि उरलेल्या रेघांसाठी तो पुन्हा आम्लात सोडायचा. जास्त वेळ राहिलेली रेघ खोल होते, जास्त शाई धरते, काळीभोर उमटते. कपाळावरची पुसट सुरकुती आणि गडद कोट यांच्यातलं अंतर असं मिनिटांत मोजलेलं असतं.

आणि दाढी? पांढरी शाई वापरत नाहीत. पांढरं म्हणजे कोरा कागद. त्यामुळे केस सोडून द्यायचे आणि केसांमधल्या सावल्या तेवढ्या काढायच्या. तेही उलट्या बाजूने, कारण छापताना डावं उजवीकडे जातं. कितीतरी कलावंत त्यासाठी मूळ चित्र आरशात पाहून काम करत.

तांबं मऊ असल्याने दाबयंत्राखाली रेघा लवकर झिजत. १८५०च्या दशकाच्या अखेरीस त्यावर उपाय निघाला: भांड्याला कल्हई करावी तसा, पण विजेच्या साहाय्याने, पत्र्यावर लोखंडाचा अतिपातळ थर चढवायचा. मग हजारो प्रती निघू लागल्या. थर झिजला की तो काढून नवा चढवता येई.

अशी जुनी प्रत कधी समोर आली तर कडेला पत्र्याचा दबलेला चौकोन दिसतो का ते पाहा. मग भिंगातून दाढी न्याहाळा. तिथे एकही पांढरी रेघ ओढलेली नसते.