बँड दाखवायला आणताना चार्जरही आणा

‘फिटनेस बँड चार्जच होत नाही’ म्हणून दुरुस्तीला येणारे बरेच ग्राहक नुसता बँड घेऊन येतात. केबल आणि चार्जर घरी, सॉकेटमध्येच. आमच्या चार्जरवर लावला की तो मुकाट्याने चार्ज होतो, तुम्ही घरी जाता आणि परत तीच रड. एक फेरी फुकट गेली. तेव्हा रोज ज्यावर लावता तोच चार्जर आणि तीच केबल सोबत घेऊन या.

आम्ही बँड लगेच उघडत नाही, यावर काहीजण वैतागतात. पण बँडची काच किंवा पाठ चिकटवलेली असते. एकदा उघडली की पाण्यापासूनचं संरक्षण पूर्वीसारखं राहील याची खात्री देता येत नाही. म्हणून आधी चार्जरला मीटर लावतो. ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत आकडा स्थिर राहिला, तर चार्जर निर्दोष समजून पुढे बघतो. मग बँडच्या चार्जिंगच्या पिना. व्यायामानंतर घामेजलेला बँड तसाच चार्जिंगला लावला की पिनांवर हिरवट थर चढतो. कोरड्या मऊ कापडाने पुसून मगच लावायचा. पुष्कळदा दुरुस्ती इथेच संपते.

‘मोबाइलच्या ३३ वॉटच्या चार्जरने बँड जळेल का?’ हा रोजचा प्रश्न. चार्जर चांगला असेल तर नाही. बँडची बॅटरी साधारण १०० ते ३०० एमएएचची (मिलीअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता), ती हवा तेवढाच करंट घेते; चार्जरवर ३ अँपिअर लिहिलंय म्हणून तेवढे आत घुसत नाहीत. फास्ट चार्जर ९ किंवा १२ व्होल्ट देतो तेही समोरून मागणी आली तरच. बँड ती करत नाही, त्याला ५ व्होल्टच मिळतात. तरी कंपनीच्या पुस्तिकेत वेगळं काही सांगितलं असेल तर तेच पाळा.

खरी भीती बिननावाच्या स्वस्त चार्जरची. वर छापलेले ५ व्होल्ट आणि प्रत्यक्ष येणारे ५ व्होल्ट यांत अंतर असू शकतं. त्याहून वाईट म्हणजे आत मेन्सची (सॉकेटमधून येणाऱ्या विजेची) बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यात पुरेसं अंतर आणि इन्सुलेशन नसणं. चौकोनात चौकोन हे दुहेरी इन्सुलेशनचं चिन्ह जरूर बघा, पण छापायला काय, कुणीही छापतं. शॉकचा धोका नको, म्हणूनच बँड मनगटावर ठेवून चार्जिंगला लावू नका, चार्जर कितीही महागाचा असो.

पॉवरबँकवर बँड मध्येच चार्ज व्हायचा थांबतो, ती बहुधा बिघाडाची खूण नसते. बँड इतका कमी करंट घेतो की काही पॉवरबँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि त्या बंद होतात.

नवा चार्जर घ्यायचाच असेल तर बँडला ५ व्होल्ट, १ अँपिअरचा साधा पुरे. तसे आम्ही ठेवतो, आणि देताना तुमच्यासमोर तुमचाच बँड लावून मीटरवरचा आकडा दाखवतो.