ब्रिटिश सोशल रिअ‍ॅलिस्ट सिनेमातली कामगार पोरांची बंडखोरी

ब्रिटनमध्ये साधारण १९५० च्या दशकाच्या शेवटापासून कामगार वस्तीतल्या पोरापोरींवर जे वास्तववादी सिनेमे निघाले, त्यातल्या एका ठरावीक प्रकारच्या बंडाबद्दल ही नोंद आहे. बंड म्हटलं की मोर्चा, युनियन, संप असं काहीतरी डोळ्यापुढे येतं, पण इथे ते जवळजवळ नसतंच. इथला पोरगा फोरमनशी, मास्तरांशी, सुधारगृहाच्या साहेबाशी आणि घरच्यांशी भांडतो, आणि त्याचं मुख्य हत्यार म्हणजे जे करता येतं ते मुद्दाम न करणं. पब्लिक स्कूलमधल्या (नावाला पब्लिक, प्रत्यक्षात महागड्या खासगी शाळा) श्रीमंत पोरांच्या बंडावरचे सिनेमे याच काळात आले, ते इथे धरलेले नाहीत.

सुरुवात नक्की कुठून धरायची यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सगळ्यात जास्त सांगितली जाते ती तारीख फेब्रुवारी १९५६ ची. लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरमध्ये लिंडसे अँडरसन, कारेल राइस, टोनी रिचर्डसन आणि लोरेन्झा माझेत्ती यांनी आपल्या छोट्या फिल्म्स ‘फ्री सिनेमा’ या नावाने एकत्र दाखवल्या, मार्च १९५९ पर्यंत असे सहा कार्यक्रम झाले. यातल्या बऱ्याच फिल्म्स १६ एमएमच्या चावीच्या बोलेक्स कॅमेऱ्यावर शूट झालेल्या, एकदा चावी दिली की जेमतेम २२ सेकंदांचा शॉट मिळायचा आणि आवाज बहुतेक वेळा नंतर वेगळा जोडायला लागायचा, त्यामुळे त्या तुकड्यातुकड्यांच्या शैलीमागे तत्त्व किती आणि नाइलाज किती हा प्रश्न उरतोच. राइसची १९५९ ची ‘वी आर द लँबेथ बॉइज’ तर थेट दक्षिण लंडनच्या एका यूथ क्लबातल्या पोरांवर आहे, पैसे फोर्ड मोटर कंपनीचे. त्यात ही पोरं एका बड्या शाळेत क्रिकेट खेळायला जातात आणि परत येताना उघड्या लॉरीतून गाणी म्हणत, आरडाओरडा करत लंडनभर फिरतात. बंड म्हणावं तर एवढंच.

दुसरं मत नाटक आणि कादंबरीकडे बोट दाखवतं. मे १९५६ मध्ये रॉयल कोर्ट थिएटरला जॉन ऑस्बर्नचं ‘लुक बॅक इन अँगर’ आलं, १९५७ मध्ये जॉन ब्रेनची आणि १९५८ मध्ये ॲलन सिलिटोची पहिली कादंबरी. १९५८ मध्येच ऑस्बर्न, रिचर्डसन आणि निर्माता हॅरी सॉल्ट्झमन यांनी ‘वुडफॉल’ ही फिल्म कंपनी काढली आणि हा सगळा माल पडद्यावर आणायला सुरुवात केली. तिसरं मत आणखी मागे, १९३० च्या दशकातल्या, ब्रिटिश डॉक्युमेंटरीचा पाया घालणाऱ्या जॉन ग्रिअर्सनच्या डॉक्युमेंटरीपर्यंत जातं, पण तिथे कामगार दिसतो तो कष्टाचा मान मिळालेला, वैतागलेला नव्हे.

वाया गेलेला तरुण त्याआधीही पडद्यावर होताच. १९५० च्या ‘द ब्लू लॅम्प’मध्ये डर्क बोगार्ड पोलिसावर गोळी झाडतो, १९५८ च्या ‘व्हायोलंट प्लेग्राउंड’मध्ये लिव्हरपूलची पोरं आहेत, मात्र दोन्हीकडे गोष्ट पोलिसाच्या बाजूने सांगितलेली. त्यामुळे बदल खरा झाला तो कुणाच्या नजरेतून बघायचं यात, आणि ही नजर कादंबरीतून आली, हे दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे. फ्री सिनेमाने माणसं दिली, रस्त्यावर शूट करायची सवय दिली, पण तोंडाळ, स्वतःची बाजू स्वतः मांडणारा पोरगा दिला नाही.

तो पोरगा म्हणजे ‘सॅटर्डे नाईट अँड संडे मॉर्निंग’चा (१९६०, दिग्दर्शक राइस) आर्थर सीटन. अल्बर्ट फिनीने केलेला हा नॉटिंगहॅमच्या सायकल फॅक्टरीतला लेथवाला, दिवसाला हजार नग काढतो, हातात आठवड्याला १४ पाउंडांच्या वर काही शिलिंग. सिनेमा सुरू होतो तोच त्याच्या मनातल्या हिशोबाने, की बैलासारखं राबलो तर हे काम अर्ध्या वेळात उडवीन, पण मग ते रेट कापतील. ज्याने कधी नगावर काम केलंय त्याला हे समजवायला नको. सेन्सॉरने मात्र स्क्रिप्टवरच हरकती घेतल्या. कादंबरीत विवाहित प्रेयसीचा गर्भपात होतो, सिनेमात तो प्रयत्न फसतो आणि ती मूल ठेवायचं ठरवते, तरीही सर्टिफिकेट मिळालं ते प्रौढांसाठीचं ‘एक्स’. शेवटी आर्थर नव्याने उभ्या राहणाऱ्या घरांच्या दिशेने दगड भिरकावतो आणि हा शेवटचा नाही असं सांगतो, पण शेजारी होणारी बायको बसलेली असते. जॉन हिलसारख्या अभ्यासकांची तक्रार इथेच आहे, की हे सिनेमे पोराला मोकळं सोडल्यासारखं करतात आणि लग्नाच्या दाव्याला बांधून टाकतात, बायकांच्या बाबतीत तर ते जुनाटच. तक्रार बरोबर आहे, फक्त तो दगड तिच्यात पुरता बसत नाही.

‘द लोनलिनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर’ (१९६२, रिचर्डसन) यातला सगळ्यात शुद्ध नमुना. कॉलिन स्मिथ, म्हणजे टॉम कोर्टनी, बेकरीतून चोरलेले पैसे दाराजवळच्या पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपात लपवतो, पोलीस दारात उभा राहून चौकशी करत असतानाच पाऊस येतो आणि नोटा पाइपातून वाहत बाहेर पडतात. मग रवानगी बोर्स्टलमध्ये. (बोर्स्टल म्हणजे तरुण गुन्हेगारांचं सुधारगृह, केंट परगण्यातल्या त्या नावाच्या गावी १९०२ मध्ये प्रयोग सुरू झाला, १९०८ च्या कायद्याने पद्धत पक्की झाली आणि १९८२ च्या कायद्याने बंद.) गव्हर्नरला, म्हणजे सुधारगृहाच्या प्रमुखाला, शर्यतीचा कप हवाय, कॉलिन सगळ्यांच्या पुढे पळतो आणि रेषेच्या अलीकडे थांबतो, उभाच राहतो. सिलिटोच्या कथेत ही शर्यत सुधारगृहांचीच आहे, सिनेमात समोर पब्लिक स्कूलची पोरं आणली आणि पटकथा खुद्द सिलिटोचीच, म्हणजे वर्गाचा मुद्दा ठळक करायचं काम लेखकाच्या संमतीनेच झालं. शिक्षा म्हणून त्याला परत वर्कशॉपात गॅस मास्क सोडवायला बसवतात.

१९६३ नंतर ही लाट ओसरली, विषय टीव्हीकडे गेला आणि तिथून दिग्दर्शक केन लोच आला. त्याचा ‘केस’ (Kes, १९६९) उत्तर इंग्लंडमधल्या खाणींच्या बार्न्सली गावातला, बॅरी हाइन्सच्या कादंबरीवर. त्यातल्या शाळकरी बिली कॅस्परचं बंड इतकंच, की भावासारखं खाणीत उतरायचं नाही. कॅमेरामन ख्रिस मेंजेस, उजेड शक्यतो आहे तोच, कॅमेरा लांब उभा, कलाकार बरेचसे गावातलेच. हेडमास्तर पोरांना छड्या मारतो त्या सीनमध्ये छड्या खरोखरच्या आहेत, आणि फक्त निरोप घेऊन आलेला एक लहानगा उगाचच रांगेत सापडतो, त्याचं रडणं नीट बघा, अभिनय नाही तो.

दिग्दर्शक ॲलन क्लार्कने कॅमेरा एकदम जवळ नेला. बोर्स्टलवरचं ‘स्कम’ बीबीसीने १९७७ मध्ये बनवून घेतलं आणि दाखवलंच नाही, म्हणून १९७९ मध्ये त्याने तेच परत सिनेमा म्हणून केलं, रे विन्स्टन दोन्हीकडे. १९८३ मध्ये टीव्हीवर आलेल्या ‘मेड इन ब्रिटन’मध्ये टिम रॉथचा स्किनहेड (डोकं भादरलेल्या, बऱ्याचदा वंशद्वेषी टोळक्यांतला) ट्रेव्हर, कपाळावर स्वस्तिक गोंदलेला, हुशार आणि कशालाच न बधणारा, स्टेडिकॅम (अंगावर बांधायचा, चालतानाही न हलणारा कॅमेरा) त्याच्या मागेपुढे सतत चालत असतो. एक अधिकारी फळ्यावर खडूने त्याच्या पुढच्या आयुष्याचं चक्र काढून दाखवतो, चोरी, डोल (बेकारी भत्ता), जेल, परत चोरी, आणि ट्रेव्हर ऐकून घेतो, बस. इथपर्यंत येताना बंडाला वंशद्वेषाचा वास लागलेला असतो, तो ‘धिस इज इंग्लंड’मध्ये (२००६, शेन मेडोज) मागे वळून तपासलाय.

काळ्या तरुणांचं बंड वेगळ्या वाटेने आलं. होरेस ओव्हेचा ‘प्रेशर’ १९७० च्या दशकाच्या मध्यात तयार होऊनही रिलीज व्हायला १९७८ उजाडलं, ‘बॅबिलॉन’ १९८० चा. पोरींचं खातं त्याहून लहान, शीला डिलेनीच्या नाटकावरचा ‘अ टेस्ट ऑफ हनी’ (१९६१) आणि बऱ्याच नंतर अँड्रिया अर्नोल्डचा ‘फिश टँक’ (२००९) हे ठळक, आणि दोन्हीकडे भांडण आधी आईशी आहे.

सेन्सॉरशी या सिनेमांचं जमलं नाही ते नाहीच. लोचच्या ‘स्वीट सिक्स्टीन’ला (२००२), जो स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक भागातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांवर आहे, शिव्यांमुळे १८ चं सर्टिफिकेट मिळालं, म्हणजे ज्यांच्यावर काढला त्यांनाच थेटरात बंदी. तिथल्या इनव्हरक्लाइड कौन्सिलने मग आपला अधिकार वापरून आपल्या हद्दीपुरतं ते १५ वर आणलं.