शैक्षणिक पालकत्व (नागपूर)

शैक्षणिक पालकत्व : गरीब घरातील हुशार मुलामुलींच्या माध्यमिक शिक्षणाचा खर्च एखाद्या व्यक्तीने वा संस्थेने उचलण्याची प्रथा. ‘दत्तक पालक’ ही संज्ञाही रूढ आहे. मात्र तिचा दत्तकविधानाशी संबंध नाही, मूल आईवडिलांकडेच राहते. बोलण्यात ‘स्पॉन्सर’ हाच शब्द अधिक.

उगमाविषयी दोन मते दिसतात. पहिल्या मतानुसार प्रथेचे मूळ माधुकरी आणि वार यांत आहे. ही दोन्ही एकच समजली जातात, ते बरोबर नाही. माधुकरी मागणारा विद्यार्थी झोळी घेऊन घरोघर फिरे व शिजवलेले अन्न गोळा करी. वार लावलेल्याचे मात्र सोमवारी अमक्याकडे, मंगळवारी तमक्याकडे असे पान ठरलेले असे. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास. परंतु वारात भागे ते जेवण, शाळेची फी नव्हे. शिवाय ही सोय बहुतांशी ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती होती आणि तिच्यासाठी हुशारीची अट नव्हती.

दुसरे मत मिशन शाळा व वसतिगृहांकडे बोट दाखवते. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूर भागात आले. त्यांच्या नागपुरातील शाळेचा आरंभ सामान्यतः १८४६ चा मानतात. दलित समाजसुधारक किसन फागुजी बनसोडे (१८७९–१९४६) यांनी १९०७ च्या सुमारास अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. नागपूर ते कामठी ओझी वाहून हमाली करणाऱ्या जाईबाई चौधरी एका मिशनरी बाईंच्या मदतीने शिक्षिका झाल्या व पुढे, बहुधा १९२० नंतरच्या दशकात, त्यांनी नागपुरातील इंदोरा वस्तीत चोखामेळा मुलींची शाळा चालवली. एका व्यक्तीने हेरलेली हुशारी आणि तिच्यासाठी बाहेरून आलेला आधार हे आजच्या प्रथेचे दोन्ही घटक येथे एकत्र येतात. म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वाराची स्मृती देणगीदारांच्या भाषणांत टिकून आहे, एवढे पहिल्या मताच्या बाजूने म्हणता येईल.

सरकारी मदतीचा क्रम थोडा उलटा आहे. अनुसूचित जातींसाठीची केंद्रीय शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली ती मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी. हायस्कूलच्या फीचा भार १९५९ च्या सुमारास ई.बी.सी. (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) सवलतीने हलका केला. वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांच्या आत ही तिची मर्यादा जुन्या पिढीच्या तोंडी अजून आहे. विदर्भ तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात होता.

आज खरी अडचण आठवी आणि नववी यांच्या सांध्यावर येते. शिक्षण हक्क कायदा (२००९), त्यातील खासगी शाळांमधील २५ टक्के जागा आणि शाळेतील मध्यान्ह भोजन हे सर्व आठवीपर्यंतच. पहिलीपासून विनाशुल्क शिकलेल्या मुलापुढे नववीत त्याच शाळेची पूर्ण फी उभी राहते. आठवीत घेतली जाणारी एन.एम.एम.एस. ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा हा सांधा काही अंशी भरून काढते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या व शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत शिकणाऱ्यांसाठी ती आहे. निवड झाल्यास नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये मिळतात. पारशिवनी तालुक्यातील नवेगाव खैरी येथील नवोदय विद्यालयात (केंद्र सरकारची निवासी शाळा) राहण्याजेवणासह सोय होते, पण तेथील मुख्य प्रवेश सहावीतच होतो.

प्रत्यक्ष व्यवहार साधा असतो. उन्हाळ्यामुळे विदर्भातील शाळा जूनअखेर उघडतात. त्याआधी गुणपत्रिका, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि मुख्याध्यापकांचे पत्र जमा होते. मग गृहभेट. रोजंदारीवरच्या बापाकडे पगाराची चिठ्ठी नसते, त्यामुळे दाखल्यापेक्षा भेट देणाऱ्याने पाहिलेल्या घराला वजन येते : पत्र्याचे छप्पर, एकच खोली, खाटेखाली दप्तर. फी शाळेत परस्पर भरून पावती दत्तक पालकाला पाठवण्याकडे कल आहे. अनुदानित शाळेत फी जवळजवळ नसतेच; तेथे पैसा वह्या, गणवेश, सायकल आणि मुख्यतः गणित-विज्ञानाच्या शिकवणीवर जातो. शिकवणीला पैसे द्यावेत का, यावर देणाऱ्यांत मतभेद आहेत.

दहावीच्या निकालानंतर बहुतेक पालकत्वे संपतात. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना अकरावीपासून स्वाधार योजना (२०१६-१७) लागू होते. तिच्यात भोजन, निवास व निर्वाह मिळून नागपूर शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरवलेले आहेत.