कीबोर्ड वर्कस्टेशन: आवाजाची नव्हे, बोटांची नोंद

कॉर्ग या जपानी कंपनीचा एम-१ हा कीबोर्ड वर्कस्टेशन, म्हणजे एकट्यावर आख्खं गाणं बसवता येणारा कीबोर्ड, १९८८ साली बाजारात आला, तेव्हा त्यातल्या मूळ ध्वनिनमुन्यांसाठी, म्हणजे वाद्यांच्या टिपलेल्या छोट्या आवाजांसाठी, सगळी मिळून ४ मेगाबाइट जागा होती. सीडीच्या दर्जाचं स्टीरिओ संगीत मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट खातं. म्हणजे त्या हिशेबाने यंत्राचा अख्खा साठा अर्ध्या मिनिटाचाही नव्हता, आणि तरी लोक त्यावर ड्रम, बेस, पियानो, स्ट्रिंग्ज असं आख्खं गाणं एकट्याने बसवत होते. हे जमायचं, कारण गाण्याचा आवाज एम-१ साठवतच नसे. कोणती पट्टी, किती जोरात, कधी दाबली, कधी सोडली, एवढंच तो टिपून ठेवी आणि मागाहून स्वतःच पुन्हा वाजवी.

ही युक्ती संगणकाहून जुनी आहे. जर्मनीत फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने १९०४ साली वेल्टे-मिन्योन हा पियानो आणला. वादक वाजवत असताना त्याच्या बोटांच्या हालचाली कागदाच्या गुंडाळीवर उतरत आणि तीच गुंडाळी, स्वरांच्या लहानमोठेपणासह, पियानो पुन्हा वाजवी. पुढे मेक्सिकोत राहणाऱ्या कॉनलन नॅनकॅरो या संगीतकाराने वादकालाच वगळलं. तो गुंडाळीवर हाताने एकेक भोक पाडून कोणाच्याही बोटांना न झेपणाऱ्या रचना लिहू लागला. आजच्या कीबोर्डवर सीक्वेन्सर, म्हणजे ही नोंद ठेवून पुन्हा वाजवणारा भाग, उघडला की 'रिअल टाइम' आणि 'स्टेप' असे दोन पर्याय दिसतात. पहिला वेल्टेचा, दुसरा नॅनकॅरोचा, असं मी तरी मानतो.

इलेक्ट्रॉनिक वाद्यांत आधी स्टेपचं राज्य होतं. रोलँड या जपानी कंपनीच्या १९७७ सालच्या एमसी-८ या सीक्वेन्सरमध्ये स्वर आकड्यांच्या बटणांनी भरावे लागत. स्वराची उंची एक आकडा, त्याची लांबी दुसरा. साधारण ५,२०० स्वर मावत आणि काम कॅसेटवर जपून ठेवावं लागे. यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या जपानी बँडसाठी हे किचकट काम हिदेकी मात्सुताके करत. त्यांना बँडचा चौथा सदस्य म्हटलं जाई, ते उगाच नाही. १९८० मध्ये रॉजर लिनच्या एलएम-१ ड्रम मशीनने वेगळीच सोय दिली: हाताने वाजवा, मागेपुढे पडलेला ठोका यंत्र जवळच्या मात्रेवर सरकवील. यालाच आपण आज क्वांटाइझ म्हणतो. तिथपासून अडाणी हातही सफाईदार वाटू लागले, आणि चांगल्या हातांचं वजन पुसलं जाण्याचा धोकाही तिथूनच सुरू झाला.

तोवर प्रत्येक कंपनीची भाषा निराळी होती. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि सीक्वेन्शियल सर्किट्स या अमेरिकी कंपनीचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकारातून मिडी हा, वाद्यांनी एकमेकांना संदेश कसे पाठवायचे याचा, सामाईक करार झाला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवले गेले. पट्टी दाबल्याचा मिडी संदेश फक्त तीन बाइटचा असतो. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने तो एक मिलिसेकंद पूर्ण व्हायच्या आत पोचतो. नोंद इतकी किरकोळ असल्यामुळेच शेकडो स्वर फुटकळ मेमरीत मावू लागले.

मग सीक्वेन्सर वाद्याच्या पोटातच का नको? अमेरिकेतल्या एन्सोनिकने १९८६ साली ईएसक्यू-१ या कीबोर्डमध्ये आठ ट्रॅकचा, म्हणजे आठ वेगवेगळ्या नोंदी एकत्र वाजवणारा, सीक्वेन्सर दिला. पण त्यात ड्रमचे स्वतंत्र नमुने आणि इफेक्ट नव्हते. एम-१ ने पियानो, ड्रम, आठ ट्रॅकचा सीक्वेन्सर, रिव्हर्ब (घुमारा), डिले (प्रतिध्वनी) हे इफेक्ट असं सगळं एका पेटीत आणलं. अडचण एकच, पण मोठी: एका वेळी सोळाच स्वर. दोन नमुने एकत्र करून बनवलेला भरगच्च टोन घेतला तर आठच. स्वर लांबवणारं सस्टेन पेडल दाबून पियानो वाजवला की आधीचे स्वर गपकन तुटत. त्यामुळे कुठे काय गाळायचं, हे ठरवणं हाच अरेंजमेंटचा निम्मा भाग होऊन बसला.

नव्वदच्या दशकात रोलँडची एक्सपी मालिका आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत आणि स्टुडिओंत रुळली. आपल्या वादकांना बेंडरचा, म्हणजे स्वर वर-खाली सरकवणाऱ्या दांडीचा, फायदा मोठा. पट्ट्या ठरावीक सुरांच्या असल्या तरी मींडेसाठी फिरवलेला बेंडर हीसुद्धा मिडीच्या दृष्टीने एक हालचालच. तिला १६,३८४ पायऱ्या मिळतात, आणि ट्रॅकमध्ये ती स्वरांच्या बरोबरीने नोंदली जाते. रूपक तालासाठी सात मात्रांचा बार लावता येतो. तबल्याची लय मात्र क्वांटाइझ केली की ठेका लगेच लाकडी होतो.

बोटांची नोंद ठेवण्याचं दुखणंही त्याच मुळातलं. एका कीबोर्डवर बसवलेलं गाणं दुसऱ्यावर उघडलं की बासरीच्या जागी भलतंच काही वाजे. १९९१ च्या जनरल मिडीने १२८ टोनांचा क्रम ठरवून दिला, ड्रमसाठी दहावा चॅनल राखला आणि गोंधळ बराच आटोक्यात आला. पण बासरी सगळीकडे सारखी गोड लागेल, याची हमी त्यात नव्हती. खरा आवाज, म्हणजे गायकाचा गळा, टिपायची सोय कॉर्गने १९९५ च्या ट्रिनिटीत हार्ड डिस्कचा जादा पर्याय म्हणून दिली. पुढे संगणक स्वस्त झाले आणि ते काम बहुतेकांनी तिकडेच नेलं. जुने एक्सपी अजूनही वापरात आहेत. ज्यांचे फ्लॉपी ड्राइव्ह बिघडले, त्यांत आता फ्लॉपीची नक्कल करून पेन ड्राइव्ह घेणारे एम्युलेटर बसवले जातात, आणि एका पेन ड्राइव्हवर शंभर फ्लॉपींची गाणी सहज मावतात.